ती म्हणाली, ‘मारलं’

त्या मुलीला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आरोपीच्या कठड्यात उभी होती आणि खिडकीकडे बघत होती. खिडकीबाहेर कडुनिंब आहे. दुपारी त्याच्या पानांची सावली आमच्या कोर्टरूमच्या भिंतीवर पसरते, आणि त्या दिवशी ती तिच्या चेहऱ्यावरूनही सरकत होती. मधेच उजळ, मधेच काळपट. खुनाचा आरोप वाचून दाखवला जात होता आणि ती पाण्याखालून ऐकत असल्यासारखी उभी होती.

मी नाशिकच्या कोर्टात स्टेनो आहे. बावीस वर्षं झाली. साक्षीदार बोलतो ते मराठीत टंकायचं, न्यायाधीश इंग्रजीत सांगतील तेही टंकायचं, एवढंच माझं काम. इतक्या वर्षांनी असं होतं की कान आणि बोटं यांच्या मधे आपण उरत नाही. बोलणं कानातून येतं, बोटांतून निघून जातं, आणि मधली बाई अर्धवट झोपेत बसलेली असते. मला ते आवडायचं. संध्याकाळी कुणी विचारलं की आज काय झालं, तर मला खरोखर आठवायचं नाही.

मुलगी पेठकडची. आईबाप डोंगरात भात-नागली करणारे. भाताची कामं संपली की गावातली माणसं नाशिकच्या बाजूला मजुरीला येतात, तशी हीसुद्धा मावशीबरोबर गुलाबाच्या पॉलिहाऊसवर आली होती. फुलं कात्रीनं तोडायची, काटे काढायचे, वीस-वीसच्या गड्ड्या बांधायच्या. घटना घडली त्या दिवशी तिला अठरा वर्षं पूर्ण होऊन चार महिने झाले होते. चार-पाच महिने आधी घडतं, तर ती बाल न्याय मंडळापुढे उभी राहिली असती आणि तिचा चेहरा कुणाला दिसलाही नसता.

मेलेला मुलगा पॉलिहाऊसच्या मालकाचा पुतण्या. एकोणीस वर्षांचा, कबड्डी खेळणारा, गावात लाडका. त्या दुपारी बाकीचे लोक टेम्पोत क्रेट चढवत होते. हे दोघं फुलं ठेवायच्या थंड खोलीत होते. मुलीचं म्हणणं होतं की त्यानं आतून दार लावलं, तिला धरलं, आणि तिनं हातातली कात्री मारली. मांडीच्या आतल्या बाजूला एकच जखम, पण मोठी रक्तवाहिनी तुटली. दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला.

ती म्हणत होती, स्वतःला वाचवण्यासाठी मारलं. पोलिसांचं म्हणणं होतं, दोघांचं आधीपासून काहीतरी होतं, भांडण झालं, तिनं रागानं मारलं.

शहराचं म्हणणं मात्र रोज वेगळं असायचं. संध्याकाळी मी सीबीएस बसस्थानकावरून सातपूरची बस पकडते. त्या बसमधे कारखान्यांत रात्रपाळीला जाणारे, कॉलेजच्या मुली, भाजीच्या रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या बायका, सगळेच असतात. पहिल्या आठवड्यात सगळी बस मुलीच्या बाजूनं होती. “देवीचा अवतार आहे पोरगी,” असं एक बाई म्हणाली आणि तिनं बसल्या जागी हात जोडले. कॉलेजच्या मुलींनी मेणबत्त्या घेऊन फेरी काढली होती. मग एक फोटो फिरायला लागला. मुलगी आणि तो मुलगा क्रेटवर बसलेत, त्याच्या हातात चहाचा कप आहे आणि ती खळखळून हसते आहे. झालं. दुसऱ्या दिवशी त्याच बसमधे त्याच बाईनं शेजारणीला मोबाईल दाखवला. “बघ, हसतेय कशी. ज्याला भ्यायचं त्याच्याजवळ असं हसतं का कोणी?”

मी खिडकीबाहेर बघत राहायचे. त्र्यंबक रोडवरचे दिवे एकेक करून लागत असायचे. बसच्या घरघरीत ती वाक्यं माझ्या कानांवरून अशी वाहायची, की कोण कुणाच्या बाजूनं बोलतंय तेही कळेनासं व्हायचं.

घरी सासूबाई टीव्हीसमोर असायच्या. माझा नवरा सातपूरच्या कारखान्यात असतो, त्याची पाळी बदलती, त्यामुळे संध्याकाळचा चहा बहुतेक वेळा आम्ही दोघीच घेतो.

“तू तर तिच्यासमोर बसतेस,” त्या म्हणायच्या. “खरं काय ते सांग की मला. मी कुणाला सांगणार आहे?”

“आई, मी फक्त लिहिते.”

“लिहिते म्हणजे ऐकतेस ना? ती ओरडली का नाही, एवढंच सांग. बाई माणूस ओरडतं की नाही अशा वेळी?”

मी कप उचलून आत जायचे.

साक्षी सुरू झाल्या. मुलाची आई प्रत्येक तारखेला यायची. दुसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला बसायची. रडायची नाही, कुणाशी बोलायची नाही. पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळायची आणि सोडायची. मुलीचा बाप मागच्या बाकावर बसायचा. त्याला आमची कोर्टातली भाषा किती समजत होती देव जाणे. न्यायाधीश मॅडम आत आल्या की तो सगळ्यांच्या आधी उठायचा आणि सगळ्यांच्या नंतर बसायचा.

मग शेजारच्या मळ्यातल्या आजींची साक्ष आली. सत्तरीच्या बाई, स्वतः झेंडू आणि शेपू-मेथी लावणाऱ्या, पहाटे मार्केटला माल नेणाऱ्या. घटनेनंतर मुलगी धावत गेली ती यांच्याकडे. तिनं ‘त्याला मारून टाकले’ अशी कबुली या आजींकडे दिली, असं पोलिसांनी नोंदवलेल्या जबाबात होतं. सरकारी बाजूचा सगळा भार या एका वाक्यावर होता. त्या दिवशी कोर्टरूम भरली होती. दारात माणसं उभी होती.

सरकारी वकिलांनी विचारलं, “आजी, मुलगी तुमच्याकडे आली तेव्हा काय म्हणाली?”

“म्हणली, मी मारलं त्याला.”

दारात कुजबुज झाली. मुलाच्या आईची बोटं पदरात थांबली. मॅडमनी इंग्रजीत वाक्य सांगायला सुरुवात केली. आरोपीनं मला सांगितलं की तिनं त्याला... आणि पुढचा शब्द त्यांनी ‘किल्ड’ असा सांगितला. त्यांचंही चुकलं नव्हतं. समोर खून होता, प्रेत होतं, जबाबात तेच लिहिलेलं होतं.

माझी बोटं थांबली.

बावीस वर्षांत ती कधी थांबली नव्हती. पंखा फिरत होता, भिंतीवर पानांची सावली हलत होती, आणि मला एकदम जागं झाल्यासारखं वाटलं. मी मान वर केली आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

“मॅडम, ‘मारलं’ की ‘मारून टाकलं’?”

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. सरकारी वकील उठायच्या बेतात होते, त्यांना त्यांनी हातानंच थांबवलं आणि आजींकडे वळल्या.

“आजी, नीट आठवून सांगा. मुलगी नेमके कोणते शब्द बोलली?”

“आता काय सांगितलं मी? मारलं म्हणली.”

“मारून टाकलं, असं म्हणाली का?”

“नाय बा. मारून टाकलं असतं तर पळत कशाला आली असती?” आजींचा आवाज चढला. “म्हणली, आजी, मी त्याला मारलं, लवकर चला, रगत थांबंना. माझा हात धरून वढत व्हती. मी चप्पल घालाया वाकले तर म्हणली, चप्पल राहू द्या. अनवाणीच नेलं मला. माझंच लुगडं फाडून बांधलं तिनं त्याच्या पायाला.”

“हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?”

“सगळं सांगितलं. त्यांनी काय लिहिलं मला काय ठावं? मी अंगठा देते.”

मॅडमनी प्रत्येक शब्द जसाच्या तसा घ्यायला सांगितला. मी टंकत गेले. लवकर चला. रगत थांबंना. चप्पल राहू द्या. कठड्यातल्या मुलीनं त्या दिवशी पहिल्यांदा खिडकीवरून नजर काढली. ती आजींकडे बघत होती.

बाहेर त्याचं वेगळंच झालं. संध्याकाळपर्यंत बातमी फिरली की स्टेनोबाईनं साक्ष फिरवली. कॉरिडॉरमधे एक ओळखीचे वकील जवळ येऊन हळूच म्हणाले, “बाई, तुम्ही आपलं लिहायचं काम करा.” आमच्या कार्यालयातल्या साहेबांनी बोलावून समज दिली. “शब्द ऐकू आला नाही तर विचारा. शब्दाचा अर्थ विचारू नका.” मी हो म्हटलं. त्यांचं बरोबरच होतं.

मला त्यांच्या बोलण्याचं काही वाटलं नाही. मला वेगळ्याच गोष्टीची भीती वाटत होती. माझी बोटं भाषेसाठी थांबली की माझ्यासाठी, हे मला कळत नव्हतं.

माझं माहेर नाशिकजवळच्या धरणाच्या बाजूला. मी सतराची असताना नाशिकला टायपिंगच्या क्लासला यायचे. परतताना फाट्यावर उतरून द्राक्षबागांमधून पंधरा मिनिटं चालावं लागायचं. माझ्या चुलतभावाचा एक मित्र कधी कधी त्या वाटेनं भेटायचा. सायकलवरून उतरून बरोबर चालायचा, नकला करून हसवायचा. मी हसायचे. खूप हसायचे. एक दिवस बागेच्या कडेला त्यानं माझा दंड धरला. मला वाटलं, ही पण नक्कलच. मग त्यानं दुसरा हात धरला आणि त्याचा चेहरा नकलेसारखा राहिला नाही. माझ्या पिशवीत तीन पुडांचा स्टीलचा डबा होता. मी पिशवी फिरवली. डबा त्याच्या भुवईवर बसला. तो बांधावर खाली बसला, दोन्ही हातांनी कपाळ धरून, आणि बोटांमधून रक्त येत होतं. मी पळाले. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. कुणाला बोलावलं नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, “मी त्याला मारलं.”

आई म्हणाली, “बरं केलंस. कुणाला सांगू नकोस.” आणि डबा घासायला घेतला.

तो वाचला, त्यात विशेष काही नव्हतं. आठ दिवसांनी भुवईवर पट्टी लावून चावडीसमोर बसलेला दिसला. पुढे माझ्या लग्नात वाढायला होता. त्यानं माझ्या पानात जिलबी वाढली तेव्हा भुवईवरची पांढरी रेघ मला अगदी जवळून दिसली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. मी नोकरीला लागले, संसार झाला. आईनं त्या दिवशी ‘मारलं’चा अर्थ विचारला नाही, कारण तो विचारायची वेळच आली नाही.

शेवटी मॅडमनी मुलीला स्वतःला प्रश्न विचारले. पुराव्यात तुझ्याविरुद्ध हे आलं आहे, तुला काय म्हणायचं आहे, असं एकेक. मुलगी हळू बोलत होती. तिच्या बोलण्यात डोंगराकडचे शब्द यायचे, मॅडम पुन्हा विचारायच्या.

“तू ओरडलीस का?”

“वरडले. मोटर चालू व्हती.”

थंड खोलीची मोटर. इतके महिने सगळं शहर हा प्रश्न विचारत होतं आणि उत्तर एवढंच होतं. माझ्या डोळ्यांसमोर ती बंद खोली आली, बादल्यांमधे उभे गुलाब, गार हवा आणि मोटरीची एकसुरी घरघर.

“तुझी आणि त्याची ओळख होती?”

“व्हती. चांगला व्हता. फोन चार्ज करून द्यायचा. त्यानं मला सोडाया पायजे व्हतं. पण मराया नव्हतं पायजे.”

हे वाक्य मी टंकलं तेव्हा बोटं थांबली नाहीत. पण पुढची ओळ मला पडद्यावर नीट दिसेना.

निकालाचं टंकन मी आदल्या दिवशी केलं, आतल्या खोलीत. मॅडम सांगत होत्या, मी घेत होते. त्यामुळे त्या संध्याकाळी बसमधे उभी होते तेव्हा निकाल मला माहीत होता आणि बसमधल्या कुणालाच नव्हता. पुढच्या बाकावरच्या दोन बायकांची पैज चालली होती. एक म्हणत होती, जन्मठेप लागणार. दुसरी म्हणत होती, सुटणार, पण सुटून करणार काय, कोण घरात घेणार. माझा हात वरच्या दांडीला होता. मला वाटत होतं, हाताकडे कुणी नीट पाहिलं तर त्यांना सगळं वाचता येईल.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी निकाल वाचला. स्वतःच्या रक्षणासाठी जेवढं बळ लागतं त्यापेक्षा जास्त आरोपीनं वापरलेलं नाही. एकच घाव, तोही हातात आधीच असलेल्या कामाच्या हत्यारानं, आणि त्यानंतर लगेच मदतीसाठी धाव. आरोपीची निर्दोष मुक्तता. मुलगी तशीच उभी राहिली. शेजारच्या महिला पोलिसानं तिचा खांदा हलवून सांगितलं, “सुटलीस गं.” बाप पुढे आला आणि त्यानं मलाच विचारलं, कारण मी सगळ्यात जवळ होते.

“बाई, झालं का? नेऊ का हिला आता?”

“कागद व्हायचेत अजून. संध्याकाळपर्यंत न्याल.”

“मंग पेठची शेवटची गाडी भेटंल,” तो म्हणाला, आणि पहिल्यांदा भिंतीला टेकून बसला.

खाली आवारात एका बाजूला घोषणा होत्या, दुसऱ्या बाजूला शिव्या. कोर्टरूम रिकामी झाली. मुलाची आई मात्र बाकावरच होती. मी पाण्याचा ग्लास नेऊन दिला. तिनं तो घेतला, प्यायली नाही.

“तुम्ही सगळं लिहिलंय,” ती म्हणाली. “लिहिताना तुम्हाला काय वाटलं? त्यानं खरंच धरलं असंल तिला?”

मला साहेबांची समज आठवत होती. मी तिच्या शेजारी बसले.

“ताई, मी तिथं नव्हते. पण ती त्याच्यासाठी अनवाणी धावली, त्याला लुगडं बांधलं, एवढं माझ्या हातानं लिहिलंय.”

तिनं ग्लास बाकावर ठेवला. “म्हणजे तेव्हा त्याच्यापाशी कुणीतरी व्हतं,” ती म्हणाली. मग उभी राहिली, साडी नीट केली आणि जिना उतरून गेली. गर्दीतून जाताना दोन्ही बाजूंचे लोक गप्प झाले, असं नंतर शिपायानं सांगितलं.

घरी सासूबाई टीव्ही लावून बसल्या होत्या. “सुटली म्हणे,” त्या म्हणाल्या. “सुटली म्हणजे काय निर्दोष झाली का? हसत होतीच ना त्याच्याबरोबर?”

मी टीव्ही बंद केला आणि त्यांना बागेची, डब्याची, भुवईची सगळी गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षं त्या घरात राहून जे सांगितलं नव्हतं ते चहा निवेपर्यंत सांगून झालं.

मग सासूबाई म्हणाल्या, “आणि तो मेला असता तर?”

“तर तुमच्याकडे दुसरी सून असती.”

त्यांनी माझ्याकडे नवीनच कुणी आल्यासारखं पाहिलं. मग दोन्ही कप उचलले आणि चहा पुन्हा गरम करायला स्वतः आत गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्या मुलीबद्दल काही विचारलं नाही. पण शेजारच्या बायका विषय काढत तेव्हा त्या म्हणायच्या, “मोटर चालू होती. कुणाला ऐकू जाणार?” हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. पेपरात आलं असेल.

वर्षभरानं मुलगी कोर्टात आली. निकालाची प्रत हवी होती. मी ओळखलं नाही, तिनंच हाक मारली. चेहरा भरला होता, केस कापले होते. नर्सिंगच्या कोर्सला प्रवेश मिळत होता आणि तिच्याजवळ एक छापील अर्ज होता. माझ्या टेबलाशी उभी राहून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? पुढे दोन चौकोन होते, होय आणि नाही.

“काय करू, बाई? ‘नाय’वर खूण केली तर खोटं हुईल.”

“होय करा. आणि पुढे लिहा, निर्दोष मुक्त.”

“जागा कुठंय?”

खरंच नव्हती. चौकोनाला लागून लगेच पुढचा प्रश्न सुरू होत होता, रक्तगट काय. मी तिला माझं बारीक टोकाचं पेन दिलं. तिनं कागद आडवा केला आणि समासात, वरून खाली, अगदी लहान अक्षरांत लिहायला घेतलं. एकेक अक्षर जपून काढत होती. पाठीमागे रांगेत माणसं थांबली होती, पण मी तिला घाई करायला सांगितलं नाही.